कुणाचं इंग्रजी, कुणाची संस्कृती?

दोस्तहो, फ्रान्सच्या सरकारची एक योजना आहे. परदेशातली तरुण पोरं बोलवायची, सरकारी शाळांत शिक्षकाच्या जोडीला उभी करायची, आणि त्यांनी तिथल्या पोरांना परकी भाषा बोलायला लावायची. ऑक्टोबर ते एप्रिल, सात महिने. आठवड्याला 12 तास. महिन्याला हातात सुमारे 800 युरो. विमानाचं तिकीट ज्याचं त्यानं काढायचं. हुद्दा असिस्टंट. इंग्रजीसाठी इंग्लंड-अमेरिकेची पोरं जातात, तशी भारतातूनही जातात. काम दोन : इंग्रजी बोलून घेणं आणि आपल्या देशाची संस्कृती सांगणं.

मी घाटकोपरची. हायवेच्या कडेच्या वस्तीतली. 2018 च्या ऑक्टोबरात या कामाला गेले, 2019 च्या मे महिन्यात परत आले. प्रवासवर्णन लिहायला बसलेली नाही. आयफेल टॉवर बघून आलेले पांढरपेशे लेखक मराठीत पैशाला पासरी मिळतात. मला विचारायचंय ते एवढंच : देशाची संस्कृती सांगायला जातं कोण? आणि तिथं जाऊन सांगतं काय?

आधी दार बघा. इंग्रजी शिकवायला जायचं तर अगोदर फ्रेंच यावं लागतं. मुंबईत फ्रेंच शिकतं कोण? महापालिकेच्या शाळेत फ्रेंच नाही. फ्रेंच आहे ती दांडग्या फीच्या शाळांत. तिथली पोरं मार्क जास्त पडतात म्हणून एकतर संस्कृत घेतात, नाहीतर फ्रेंच. एक देवांची भाषा, एक साहेबांची. आपल्या वाटणीला घाटकोपर स्टेशनाबाहेरची पाटी : तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी. मी अंधेरीच्या एका कॉल सेंटरात दोन वर्षं रात्रपाळी केली. सकाळी मेट्रोनं घाटकोपरला यायचं, चार तास झोपायचं, दुपारी क्लास. दोन वर्षांची कमाई फीमध्ये आणि तिकिटात गेली. मुलाखतीला बाहेर बाकड्यावर बसलेल्यांची आडनावं मी ऐकत होते. आडनावं मोजायची सवय त्या पोरांना नसते. आपल्याला असते. 'दलितांना मज्जाव' असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच काय? भाषा, फी आणि तिकीट या तीन चाळण्यांतून खाली उरतं ते उरतंच.

आता दुसरी गंमत ऐका. इंग्रजी शिकवण्याच्या या जागतिक बाजारात एक शब्द फार चालतो : नेटिव्ह स्पीकर. म्हणजे इंग्रजी ज्याच्या जन्माबरोबर आलं तो. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायला जायचं तर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांपैकी एकाचा पासपोर्ट लागतो. 2010 साली भारत-कोरिया व्यापार करार लागू झाला आणि भारतीयांना एक फट मिळाली. पण त्या सात देशांच्या माणसाला नुसती पदवी पुरते. भारतीयाला पदवी पाहिजे आणि वर शिक्षकाचा दाखलाही पाहिजे. म्हणजे एकाची लायकी जन्मानं ठरलेली, दुसऱ्यानं ती कागदानं सिद्ध करायची. आयुष्यभर करत राहायची.

ही पद्धत ओळखीची वाटते ना? जन्मावर लायकी ठरवायचं शास्त्र आपल्याला कुणी नव्यानं शिकवायला नको. आपल्या बोलीला अशुद्ध ठरवणारे मराठीचे मास्तर आपण शाळेत भोगलेत. 'न' आणि 'ण' वरून वर्गात हशा पिकवणारे. इंग्रजांच्या काळात 'नेटिव्ह' ही शिवी होती, कारण नेटिव्ह म्हणजे आपण. आज तोच शब्द पदवीसारखा झालाय, कारण नेटिव्ह म्हणजे ते. शब्द उलटा फिरला, माणसांची उतरंड तशीच राहिली.

माझ्या शाळेत माझ्याबरोबर इंग्लंडचा एक पोरगा होता. वय वीस. हुद्दा तोच, पगार तोच, तासही तेवढेच. पण पहिल्या आठवड्यातच कामाची वाटणी झाली. परीक्षेसाठी तोंडी सराव आणि उच्चार त्याच्याकडे. संस्कृती माझ्याकडे. तो बोलायचा, मी दाखवायची. साडी नेसून या. मेंदी काढा. दिवाळीचं सांगा, योगाचं सांगा, तुम्ही सगळे शाकाहारी असता त्याचं सांगा. मी म्हटलं, आमच्या घरी बोंबील असतो, सुकट असते, रविवारी मटण असतं. बाई हसल्या. त्यांना वाटलं मी चेष्टा करते. त्यांना दोष किती द्यायचा? त्यांच्याकडं आधी येऊन गेलेल्या भारतीय असिस्टंटांनी तेच तर सांगितलं होतं. मला त्यांची चित्रं दिली होती वापरायला : ताजमहाल, रांगोळी, गांधी, कथक, होळी. पंचवीस चित्रांत जात नावाची गोष्ट नव्हती. झोपडी एकच होती, तीही सूर्यास्ताच्या उजेडात.

मी माझी चित्रं केली. बाबासाहेब, सावित्रीबाई, रमाबाई आंबेडकर नगर. मागच्या बाकावर अल्जेरियातून आलेल्या घरातला एक पोरगा बसायचा. एरवी तोंड उघडायचा नाही. त्यानं मोडक्या इंग्रजीत विचारलं, "या वस्तीत पोलीस येतात का?" मी त्याला 11 जुलै 1997 सांगितला. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना, रस्त्यावर उतरलेली माणसं, राज्य राखीव दलाचा गोळीबार, दहा मृत्यू. त्यानं मला 27 ऑक्टोबर 2005 सांगितला. पॅरिसच्या बाहेरचं क्लिशी-सु-ब्वा, पोलिसांना घाबरून विजेच्या उपकेंद्रात लपलेली दोन पोरं, विजेच्या धक्क्यानं मेलेली, आणि त्यानंतर तीन आठवडे पेटलेला फ्रान्स. तेव्हा तो तीन वर्षांचा होता. मोठ्या भावानं सांगितलेलं त्याला पाठ होतं. फ्रेंचमध्ये बाँलियू म्हणतात, म्हणजे शहराबाहेरचा भाग, उपनगर. तिथं उपनगर म्हटलं की गरीब, परका, पोलिसांच्या यादीतला असा अर्थ आधी डोक्यात येतो. घाटकोपरचे टॉवर वेगळे आणि घाटकोपरच्या वस्त्या वेगळ्या, हे मला त्याला फोडून सांगावं लागलं नाही. त्या तासाला तो वीस मिनिटं इंग्रजी बोलला. व्याकरण चुकलं असेल. तेवढं इंग्रजी त्या वर्गात वर्षभरात कुणी बोललं नव्हतं. संस्कृतीची देवाणघेवाण म्हणतात ती ही. मेंदीनं ती झाली नसती.

आणि ही देवाणघेवाण आपल्याला नवी आहे का? 1873 साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर उभे राहिले आणि भारतातल्या जातींवर निबंध वाचला. ताजमहालावर वाचला नाही. 1946 साली त्यांनीच अमेरिकेतल्या काळ्यांचे नेते डु बॉइस यांना पत्र लिहिलं. 1972 साली मुंबईच्या पोरांनी ऑकलंडच्या काळ्या पँथरांचं नाव उचललं आणि इथल्या मातीत रुजवलं. आपली संस्कृती बाहेर गेली आणि बाहेरची आत आली ती अशी. कुठल्याही दूतावासाच्या परवानगीशिवाय.

मग लगेच शहाणे म्हणतात, घरचं उणं परक्यात काढू नये. कुणाचं घर? ज्या घरात आम्हाला उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्याची अब्रू झाकायचं काम मात्र आमचं! सरकारही तेच म्हणतं. अनुसूचित जातीच्या पोरांना परदेशात शिकायला केंद्राची शिष्यवृत्ती 1954-55 पासून आहे. 2022 साली तिच्या नियमांत बदल केला : भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतीय समाज यांवर संशोधन करायचं असेल तर ही शिष्यवृत्ती नाही. परदेशात जा, पैसे देतो, पण तोंड बंद ठेवा. हा नियम 1913 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीला लावला असता तर? आणि जात तरी कुठं इथं थांबलीय? 2023 च्या फेब्रुवारीत सिॲटल शहराला जातीवरून भेदभावाला बंदी करावी लागली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसा कायदा मंजूर केला, तर ऑक्टोबरात गव्हर्नरनं तो परत पाठवला. व्हिसा काढून जात आधीच पोचलीय. आपण मागून पोचतोय.

आपल्यातलेही काही विचारतील, साहेबाची भाषा साहेबाच्या शेजाऱ्याला शिकवून काय मिळवलंस? 2010 साली उत्तर प्रदेशातल्या बांका गावात इंग्रजी देवीचं मंदिर बांधायला घेतलं. भावना कळते, देवी मला नको. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं. ते दूध त्यांच्या आळीत वाटलं गेलं, आपल्याला भांडी विसळायला मिळाली. पण 1854 साली सावित्रीबाईंनी 'काव्यफुले' छापलं, त्यात इंग्रजी शिका म्हणून सांगितलंय. तिनं देव्हारा बांधला नाही, शाळा काढली. मला इंग्रजी तेवढ्याचसाठी पाहिजे : आपलं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून सांगितलं जाऊ नये म्हणून.

म्हणून दोस्तहो, फॉर्म भरा. वस्तीतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी फ्रेंचचं, स्पॅनिशचं, जपानीचं एक पुस्तक ठेवा. कलिनाला मुंबई विद्यापीठात फ्रेंचचा विभाग आहे, तो आपल्या बापाच्या करातून चालतो, तिथं जाऊन चौकशी करा. महापालिकेच्या शाळेत परकी भाषा का नाही, हा प्रश्न आपल्या नगरसेवकाला जाहीर सभेत विचारा. समाजकल्याण खात्याकडं मागणी करा : परदेशी शिष्यवृत्तीबरोबर परकी भाषा शिकायची फीसुद्धा द्या, आणि सात महिन्यांच्या अशा कामाचं तिकीटही द्या. दार आपोआप उघडत नसतं.

आणि पोचलात की साडी नेसायची तर जरूर नेसा, पण ती कुणाच्या आईची आहे, ती आई कुणाच्या घरची भांडी घासते, हे त्याच तासाला सांगा. वर्गातलं कुणी ना कुणी ऐकायला बसलेलं असतं. बहुतेक मागच्या बाकावर.

जयभीम.