घोटभर पाण्यातली बाग

मैत्रिणींनो, आपलं कोल्हार प्रवरेच्या काठावर वसलेलं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं आणि कालव्यांच्या पाण्यानं हा टापू उसानं हिरवागार झाला. त्यामुळं बाहेरच्यांना वाटतं, इथल्या बायकांना पाण्याची काय चिंता! पण शेतातल्या उसाला पाणी मिळतं म्हणून घरातल्या नळाला ते असतंच असं नाही. एप्रिल-मे आला की हंडे-बादल्या भरून ठेवायचं काम बाईच्याच वाट्याला येतं. मग सगळ्यात आधी वाळतात त्या अंगणातल्या कुंड्या. गुलाब गेला, शेवंती गेली, तरी घरात कुणी हळहळत नाही. कारण काय, तर ती 'बाईची हौस'!

ही हौस सोडायची मुळीच गरज नाही, झाडं तेवढी बदलायला हवीत. कोरफड, पानफुटी, जेड, अडेनियम ही झाडं पानांत नाहीतर खोडात पाणी साठवून ठेवतात. शिवाय कोरफडीसारखी झाडं पानांवरची बारीक छिद्रं दिवसा मिटून रात्री उघडतात. त्यामुळं भर उन्हातही फारसं पाणी उडून जात नाही. आठ-दहा दिवस माहेरी गेलात तरी शेजारणीला किल्ली द्यायला नको.

हे काही परदेशी फॅड नाही बरं का! आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या जुन्नरच्या शिवनेरी परिसरात 'शिवसुमन' उगवतं. एकोणिसाव्या शतकात ते शास्त्रज्ञांच्या नजरेस पडलं आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून त्याला 'फ्रेरिया' हे शास्त्रीय नाव मिळालं. कड्याकपारीतलं हे झाड उन्हाळ्यात पानं गाळतं आणि जाड खोडावर तग धरतं. मात्र ते अतिशय दुर्मीळ आहे, त्यामुळं डोंगरावरून उपटून आणायचा मोह नको.

कुंडी भरताना मात्र एक ध्यानात ठेवा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि या झाडांच्या मुळ्या त्यात कुजतात. म्हणून निम्मी माती, निम्मी जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि मूठभर कुजलेलं शेणखत घ्या. कुंडीला तळाशी भोक हवंच. जेडची फांदी तोडल्यावर तीन-चार दिवस सावलीत सुकू द्या, मग लावा. पानफुटीचं तर नुसतं पान मातीवर ठेवलं तरी कडेनं रोपं फुटतात. मातीत बोट घालून बघा आणि कोरडी लागली तरच पाणी घाला. ही झाडं तहानेनं कमी आणि लाडानं जास्त मरतात! पावसाळ्यात कुंड्या वळचणीपासून दूर, पत्र्याखाली सरकवा. खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, डासांना आयतं घर मिळतं.

थोडी सावधगिरीही हवी. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. अडेनियमचा चीक विषारी असतो. लहान मुलं असतील तर या दोन्ही कुंड्या त्यांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. कोरफडीचा पिवळा चीक पोटात गेला तर जुलाब होतात. गरोदर बाईनं तर कोरफड पोटात घेऊच नये.

आता एक सुचवावंसं वाटतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्लॅस्टिकचे डबे-वाट्या लुटतो आणि वर्षभर ते फडताळात पडून राहतात. त्याऐवजी दिवाळीनंतर रिकाम्या डब्यांना भोकं पाडून पानफुटीची, कोरफडीची रोपं तयार करा आणि तीच वाण म्हणून द्या. बचत गटाच्या बायकांनी अशी रोपं केली तर चार पैसेही सुटतील. नळाला पाणी रोज यावं, हा आपला हक्क आहे आणि तो ग्रामसभेत ठणकावून मागायलाच हवा. पण तोवर अंगणातली आपली हक्काची जागा ओसाड का पडू द्यायची?