विजोड जोडपीं आणि विश्वासाचें मूळ

तुळशीचें लग्न लागलें कीं शिरूर तालुक्यांतील न्हावरे गांवीं व त्याच्या पंचक्रोशींत सोयरिकींचीं बोलणीं सुरू होतात. ऊस, घोडगंगा साखर कारखाना आणि रांजणगांवची औद्योगिक वसाहत यांमुळें या मुलखांत पैसा आला, रस्ते आले, मुली शिकल्या. परंतु याच सुधारणेच्या पोटीं एक नवा पेंच जन्मास आला आहे. मुलगी पदवीधर आणि मुलगा घरच्या शेतीवर. मुलीची दृष्टि पुण्याच्या नोकरीकडे आणि मुलाची बागाइताकडे. शेतकऱ्याच्या मुलास मुलगी मिळत नाहीं, ही तक्रार तर साऱ्या महाराष्ट्रांत ऐकूं येते. मग मध्यस्थ मंडळी काय करितात? मुलाचें शिक्षण वाढवून सांगतात, जमिनीवरील कर्ज झांकतात, आणि लग्नानंतर मुलीनें खुशाल नोकरी करावी असें वचन सढळ हातानें देतात. मुलीकडूनहि कांहीं गोष्टी लपविल्या जातात. अक्षता पडतात, मांडव उतरतो, आणि थोडक्याच दिवसांत दोघांसहि वाटूं लागतें कीं आपणांस फसविलें. ती आपणांस हलका लेखते असा त्याचा समज. दिलेलें वचन पोकळ होतें असा तिचा समज. संसाराचा आरंभच असा अविश्वासानें होतो.

अशा विजोड लग्नांत पुढें प्रेम उत्पन्न होतें काय, हा प्रश्न केवळ कादंबरीकारांचा नव्हे. तो रोजच्या व्यवहाराचा आहे. आमचें उत्तर असें कीं, होतें; पण तें आपोआप होत नाहीं, आणि वडिलांच्या धाकानें किंवा कोर्टाच्या हुकुमानें तर मुळींच होत नाहीं. ज्याच्या हातीं अधिक बळ आहे, त्यानें तें प्रथम खालीं ठेविलें तरच होतें.

महाराष्ट्राच्या इतिहासांत याचा दाखला शोधावयास दूर जावें लागत नाहीं. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांची प्रथम पत्नी १८७३ सालीं वारली. विधवाविवाहाचा हा कैवारी आतां एखाद्या विधवेशीं लग्न लावील, या भीतीनें वडिलांनीं घाईघाईनें त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचें दुसरें लग्न उरकलें. वर एकतीस वर्षांचा, विद्वान, न्यायखात्यांतील अधिकारी; वधू अकरा वर्षांची, निरक्षर, देवराष्ट्रे गांवच्या कुर्लेकरांची कन्या. वराच्या मनांत हें लग्न नव्हतें. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्यानें स्वतः कुमारिकेशीं लग्न लावावें, हा दोष त्यांस समकालीनांनीं दिला आणि तो खोटा नव्हता. यापेक्षां विजोड व अप्रिय आरंभ तो कोणता असावा?

तथापि रानड्यांनीं आपल्या मनाचा राग त्या निरपराध मुलीवर काढला नाहीं. त्यांनीं तिच्या हातीं पाटी दिली, अक्षरें शिकविलीं, पुढें इंग्रजीहि शिकविलें. घरांतील वडीलधाऱ्या बायकांनीं टोमणे मारिले, अबोला धरिला. तरी रमाबाईंनीं पुस्तक सोडलें नाहीं, कारण या कामीं पति आपल्या पाठीशीं आहे अशी त्यांची खात्री होत गेली. हा संसार समतेचा होता असें मात्र कोणीं समजूं नये. तेथें पति गुरु होता आणि पत्नी शिष्या. परंतु १९०१ सालीं रानडे वारल्यावर हीच शिष्या १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन उभारिते, आणि १९१० सालीं आपल्या सहजीवनाच्या आठवणी लिहून प्रसिद्ध करिते. जबरदस्तीनें जुळविलेल्या त्या गांठीचें असें फळ आलें, तें तिला जपणाऱ्यांच्या वर्तनामुळें. जुळविणाऱ्यांच्या शहाणपणामुळें नव्हे.

केवळ शिक्षण दिलें म्हणजे झालें, असेंहि नाहीं. गोपाळराव जोशी यांनीं आपल्याहून पुष्कळ लहान अशा पत्नीस शिकविण्याचा ध्यास घेतला, आणि १८८६ सालीं आनंदीबाई अमेरिकेंत डॉक्टर झाल्या. पण त्या शिकविण्यांत मारहाणहि होती, हें आनंदीबाईंनींच पतीस लिहिलेल्या पत्रांतून समजतें. विद्या दिली तरी दंडुका हातांतून सुटला नाहीं, म्हणजे जवळ येणाऱ्या मनांतहि भीति शिल्लक राहते.

आतां कायद्याकडे वळूं. रखमाबाईंचें लग्न अकराव्या वर्षीं दादाजी भिकाजी यांच्याशीं झालें. मोठेपणीं त्यांनीं नांदावयास जाण्याचें नाकारिलें. १८८४ सालीं दादाजीनें मुंबई हायकोर्टांत दावा लाविला. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं तो फेटाळिला. अपिलानंतर पुनः सुनावणी होऊन १८८७ सालीं न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम केला कीं, रखमाबाईंनीं नांदावयास जावें, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत बसावें. रखमाबाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ सालीं दोन हजार रुपये घेऊन दादाजीनें तडजोड केली. रखमाबाई लंडनला वैद्यकी शिकल्या आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं अनेक वर्षें रुग्णसेवा केली. लोकमान्य टिळकांच्या राष्ट्रकार्यापुढें आम्ही मस्तक नमवितों. पण या खटल्यांत त्यांनीं दादाजीची बाजू घेतली, तेथें आम्हांस त्यांच्यामागें जातां येत नाहीं. जें राष्ट्र स्वतःच्या संमतीवांचून राज्य नको म्हणतें, त्यानें आपल्या मुलींस संमतीवांचून संसार करावयास कसें सांगावें?

हा प्रश्न जुना झाला असेंहि नाहीं. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याच्या नवव्या कलमांत नांदावयास लावण्याचा दावा आजहि आहे. १९८३ सालीं आंध्र हायकोर्टानें तें कलम घटनाबाह्य ठरविलें. १९८४ सालीं सुप्रीम कोर्टानें तें वैध ठरविलें. आतां या हुकुमापायीं तुरुंग नाहीं, मालमत्तेची जप्ती मात्र होऊं शकते. बेलिफ घरांतील कपाट जप्त करूं शकेल. मनाचें दार उघडणें त्याच्या हातीं नाहीं.

म्हणून आमचें सांगणें न्हावऱ्याच्या व सर्वच गांवांच्या वडील मंडळींस आहे. आपल्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत. वजनांत खोट असलेला माल एकदां खपतो, दुसऱ्यांदा गिऱ्हाईक त्या दुकानाची पायरी चढत नाहीं, हें त्यांस सांगावयास नको. मग पोटच्या मुलांच्या सौद्यांतच खोटें माप कां? सातबारा, कर्ज, शिक्षण, आजार यांची हकीकत बोलणीं चालू असतांनाच उघड करावी. मुलामुलीस वडिलांच्या पहाऱ्यावांचून एकदांच नव्हे, चार वेळां बोलूं द्यावें. मुलीनें नको म्हटलें, तर तो घराण्याचा अपमान समजूं नये.

आणि लग्न झाल्यावर पहिलें पाऊल पतीनें टाकावें. पत्नी पदवीधर असली तरी ती परक्या घरीं एकटी येते. त्याच्या बाजूस मात्र आई, बाप, भाऊबंद आणि सारें गांव उभें असतें. बळ कोणाकडे आहे, हें पदवीवरून ठरत नाहीं. नोकरीचें वचन दिलें असेल तर तें सासूच्या एका नापसंतीनें मोडूं नये. शेतीचा जमाखर्च तिच्यापुढें मोकळा ठेवावा. तिच्या शिक्षणाचा उपयोग घरास कसा होईल हें तिलाच विचारावें. तिनेंहि मातींत राबणाऱ्या हातांस अडाणी म्हणूं नये. पाऊस, पाणी आणि बाजारभाव यांची सांगड घालणें ही लहान विद्या नव्हे. शिक्षणांत व आवडींत असलेलें अंतर असें हळूहळू कमी होतें. परंतु फसवणुकीनें पडलेलें अंतर बहुधा वाढतच जातें. तें आरंभींच पडूं न देणें हें वडिलांचें काम आहे, आणि येत्या लग्नसराईंत त्यांनीं तें करून दाखवावें, इतकेंच आमचें मागणें आहे.