शिंगवाला बेडूक : एक की दोन?

बेडकाला शिंगं असतात असं कुणी सांगितलं, तर तुम्ही म्हणाल, "उगाच थापा मारू नका!" पण दक्षिण अमेरिकेत खरंच शिंगवाले बेडूक राहतात. ही शिंगं बैलासारखी नव्हेत हं! डोळ्यांवरची कातडीच टोकदार होऊन वर आलेली असते. या गटाचं शास्त्रीय नाव आहे सेराटोफ्रिस. ग्रीक भाषेत 'केरास' म्हणजे शिंग आणि 'ओफ्रिस' म्हणजे भुवई. शिंगाच्या भुवयांचा बेडूक!

या स्वारीचं रूप मोठं मजेशीर. अंग वाटोळं, पाय आखूड आणि तोंड एवढं रुंद, की जणू नुसत्या तोंडालाच पाय फुटलेत! भक्ष्याचा पाठलाग करणं काही याला जमत नाही. पालापाचोळ्यात अंग दडवून तो गुपचूप बसून राहतो. जवळून किडा, उंदीर किंवा दुसरा बेडूक गेला, की गट्टम!

या बेडकांच्या सात-आठ जाती आहेत आणि प्रत्येकीचा मुलूख वेगळा. एक अॅमेझॉनच्या जंगलात राहते. १७५८ मध्ये लिनियसने नाव दिलं ते हिलाच. एक पूर्व ब्राझीलच्या किनारी जंगलात, एक ब्राझीलच्याच कोरड्या ईशान्य भागात, एक कोलंबिया आणि व्हेनेझुएलात, तर एक इक्वेडोर-पेरूच्या किनाऱ्यावर.

आर्जेन्टिनाच्या पंपास नावाच्या गवताळ मैदानांत राहतो तो ऑर्नाटा. डार्विनच्या 'बीगल' जहाजाच्या सफरीवरच्या ग्रंथात थॉमस बेल यांनी १८४३ मध्ये त्याचं वर्णन केलं. पण त्यांनी त्याला घातलं 'उपेरोडॉन' या गटात. गंमत म्हणजे हा गट आपल्या भारतातल्या, फुग्यासारख्या फुगणाऱ्या बेडकांचा! पुढे ती चूक दुरुस्त झाली.

पण दुसरी चूक बरीच वर्षं टिकली. पंपासच्या उत्तरेला चाको नावाचा झुडपी, कोरडा प्रदेश आहे. तो आर्जेन्टिना, पॅराग्वे आणि बोलिव्हियात पसरलाय. तिथले शिंगवाले बेडूक दिसायला जवळजवळ ऑर्नाटासारखेच. मग सगळ्यांनी मानलं, की हाही ऑर्नाटाच!

१९६०च्या दशकापासून शास्त्रज्ञ या बेडकांच्या पेशींतली गुणसूत्रं मोजू लागले. गुणसूत्रं म्हणजे आईबाबांचे गुण पिल्लांपर्यंत पोचवणारे बारीक धागे. माणसात ती ४६ असतात. या बेडकांच्या एका संचात असतात १३. चाकोच्या बेडकाच्या पेशीत असे दोन संच, म्हणजे २६ गुणसूत्रं. आणि पंपासच्या बेडकाच्या पेशीत? आठ संच! करा बघू गुणाकार. आलं ना उत्तर १०४?

वरून सारखे दिसणारे, पण आतून केवढा फरक! म्हणून आर्जेन्टिनाच्या अवेलिनो बारिओ यांनी चाकोच्या बेडकाला वेगळी जात ठरवलं. १९८० मध्ये त्याला 'क्रॅनवेली' हे नाव मिळालं.

तुम्ही विचाराल, "नाव बदलून बेडकाला काय फरक पडतो?" पडतो, फार पडतो! चाकोमध्ये क्रॅनवेली अजून पुष्कळ आहेत. पंपासमध्ये मात्र गवताळ रानं नांगरली गेली, पिकांवर औषधं फवारली जाऊ लागली आणि ऑर्नाटा कमी होत गेला. उरुग्वेमध्ये तर तो कित्येक वर्षांत दिसलेला नाही. दोघांना एकच समजून मोजलं असतं, तर वाटलं असतं, 'बेडूक भरपूर आहेत, काळजी कशाला?' आणि ऑर्नाटा कुणालाही न कळता संपून गेला असता.

त्यात भर म्हणजे तिथल्या लोकांचा जुना समज. हा चावला तर घोडासुद्धा मरतो म्हणे! खरं तर तो कडकडून चावतो, पण त्याच्या चाव्यात विष अजिबात नसतं. तरी भीतीपोटी लोक त्याला मारतात.

या ऑर्नाटाची शेपटीवाली पिल्लं कुणी धरलं तर पाण्याखालीच आवाज काढून ओरडतात, असं २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. आपल्याकडे पावसाळ्यात अंगणात बेडूक आला, की दगड उचलण्याआधी जरा थांबा आणि नीट बघा. तो कोण आहे, हे ओळखता आलं पाहिजे. ओळख पटली, तरच राखण करता येते!