गळ्याची सूज आणि लपवलेला खोकला

खालाचा गळा चार महिन्यांत फुगला तेव्हा घरात प्रत्येकाने निदान केले: गलगंड, आयोडीनचे मीठ आणा. रक्तातली थायरॉईडची तपासणी मात्र नॉर्मल. मग सुईने नमुना काढला, त्याला काँगो रेड रंग दिला. ध्रुवित प्रकाशात तो हिरवा चमकला. अमायलॉइड!

मूळ दुखणे गळ्यात नव्हतेच, फुफ्फुसात होते. पंधरा वर्षांपूर्वी टीबीच्या गोळ्या तिने दोन महिन्यांत सोडल्या. बरे वाटत होते, आणि मुलींची लग्ने व्हायची होती. संसर्ग आत धुमसत राहिला की यकृत एक प्रथिन वर्षानुवर्षे जास्त बनवते. त्याचे न विरघळणारे तंतू अवयवांत साचतात, बहुधा मूत्रपिंडात, क्वचित थायरॉईडमध्ये. खालाच्या लघवीतूनही प्रथिने जाऊ लागली होती. गळ्यातली गाठ श्वास कोंडू लागली तर कापून काढता येते. मूत्रपिंडाचे तसे नाही.

माझा राग मिठावर नाही. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारा सहा महिन्यांचा कोर्स 'लोक काय म्हणतील' म्हणून अर्धवट सोडायला लावणाऱ्या आपल्या मोहल्ल्यावर आहे. त्यात मीही आलो. त्या गोळ्या कसल्या, असे पाहुण्यांनी विचारले तेव्हा 'ताकदीच्या' असे मीच सांगितले होते.