पाटी जुनी, दुकान नवे

मुदत संपलेली डोमेन नावे स्वस्तात उचलावीत आणि चढ्या भावाने विकावीत, असा सल्ला कमाईचे मार्ग शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना हल्ली हमखास मिळतो. जोडीला मोठे आकडे असतातच. ‘व्हॉइस डॉट कॉम’ हे नाव २०१९ साली तीन कोटी डॉलरला विकले गेले, हे खरे. पण ते कुणी टाकून दिलेले नाव नव्हते. एका कंपनीने वर्षानुवर्षे जपलेले होते. एवढे मात्र सांगायचे राहून जाते.

डोमेन नाव म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता. तो कायमचा विकत मिळत नाही, मुदतीने मिळतो. ‘डॉट कॉम’ नावाचे शुल्क थकले, की नोंदणी करणारी कंपनी ते फार तर ४५ दिवस ठेवते. पुढील ३० दिवसांत जुना मालक जादा पैसे भरून ते सोडवू शकतो. त्यानंतर ५ दिवसांनी ते सर्वांना खुले होते. चांगली नावे बहुधा तेवढी थांबतच नाहीत. आधीच लिलावात जातात, नाहीतर सुटताक्षणी संगणक ती टिपतात. नवख्याच्या हाती उरतो तो गाळ. शंभर नावे घेतली व नावामागे वर्षाला हजार रुपये धरले, तर लाख रुपये नुसते राखणीचे! गाजराची पुंगी वाजली नाही तर मोडून खाता तरी येते. येथे पुढच्या वर्षी पुन्हा हजार भरावे लागतात.

तरीही तोट्याचा हिशेब माझ्या मते दुय्यम आहे. अशा नावाला किंमत येते कशामुळे? ‘आंबा’, ‘घर’ असा साधा शब्द कोणी घेऊन ठेवला तर त्यात गैर काही नाही. पण पुष्कळदा बोली लागते ती जुन्या वहिवाटीवर. एखाद्या शाळेचे संकेतस्थळ दहा वर्षे चाललेले असते. वर्तमानपत्रांनी, इतर संस्थांनी आपापल्या पानांवरून तिकडची वाट दाखवलेली असते. कारकून बदलतो, शुल्क भरायचे राहते, नाव जाते. वाटा तशाच राहतात, आणि त्या वाटेने आलेल्या पालकाला जुगाराचा अड्डा भेटतो. जुन्या पत्त्यावर पाठविलेली ई-पत्रेही नव्या मालकाला मिळू शकतात. बंद दवाखान्याचा गाळा भाड्याने घेणे वेगळे आणि जुन्या डॉक्टरांची पाटी न उतरवता आत बसून गोळ्या देणे वेगळे. गूगलनेही मार्च २०२४ मध्ये जुन्या नावांचा असा वापर नियमबाह्य ठरविला.

कायदा आहे, नाही असे नाही. सत्यम इन्फोवे खटल्यात २००४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मान्य केले. परंतु ‘डॉट कॉम’ नावाची तक्रार जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे न्यायची, तर किमान १५०० डॉलर मोजावे लागतात. खेड्यातील शाळेने ते कोठून आणावेत? आणि शाळेला व्यापारचिन्ह तरी कुठले!

१९९९ च्या नाताळात खुद्द मायक्रोसॉफ्ट ‘पासपोर्ट डॉट कॉम’चे शुल्क भरायला विसरली आणि हॉटमेलची दारे अनेकांना बंद झाली. मायकेल चेनी या प्रोग्रामरने पदरचे ३५ डॉलर भरून टाकले. नाव मायक्रोसॉफ्टचेच राहिले. थकलेली नावे हुडकण्याचे कसब ज्या विद्यार्थ्यांजवळ आहे, त्यांनी आसपासच्या शाळा-वाचनालयांच्या मुदती सांभाळण्याचे काम घ्यावे, नोंदणी संस्थेच्याच नावे राहील हे पाहावे, आणि त्याचे रीतसर पैसेही घ्यावेत.