जखम पायाला, घाव संसाराला

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत आणि सर्वाधिक प्रमाण गोव्यात, म्हणजे २६.४ टक्के आहे, असे त्यातून दिसले. कोकणपट्टीने याची दखल घ्यायला हवी. मात्र साखर किती जणांची वाढली, एवढ्या मोजणीने चित्र पुरे होत नाही. या आजारात माणसाचे चालणेफिरणे आणि कमाई टिकते का, हेही पाहावे लागते.

मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा बधिर होतात आणि रक्तपुरवठा मंदावतो. काटा रुतला, चटका बसला तरी कळत नाही. जखम चिघळते, संसर्ग हाडापर्यंत पोहोचतो आणि प्रसंगी बोट किंवा पाय कापावा लागतो. मधुमेहींपैकी १९ ते ३४ टक्के लोकांना आयुष्यात कधी तरी अशी जखम होते, असा जागतिक अंदाज आहे. भरलेली जखमही सुमारे ४० टक्के रुग्णांत वर्षभरात पुन्हा उद्भवते.

मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता जिथे मिळतात, त्या हातखंब्याच्या परिसरात हा धोका रोजच्या कामातच आहे. पावसाळ्यात लावणीला तासन् तास अनवाणी चिखलात उभे राहायचे, मग बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. उन्हाळ्यात जांभ्याचा कातळ तापतो. बधिर पायाला यातले काहीच जाणवत नाही.

या जखमेवरचा एक प्रमुख उपाय म्हणजे त्या जागेवर भार पडू न देणे. त्यासाठी खास प्लॅस्टर किंवा विशेष पादत्राण वापरतात. पण ‘काही आठवडे पाय टेकू नका’ हा सल्ला मजुराला वा मासळी विकणाऱ्या बाईला परवडत नाही. मजुरी बुडते, ड्रेसिंगला सोबत येणाऱ्याचाही दिवस जातो. म्हणून रुग्ण चालतो आणि जखम भरत नाही. ‘रुग्ण ऐकत नाही’ असा शेरा मारणे सोपे आहे, पण खरी अडचण चुलीची असते.

मनाचेही तसेच. लंडनमध्ये पहिल्यांदाच अशी जखम झालेल्या २५३ रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे एक तृतीयांश जणांना नैराश्य होते आणि अशा रुग्णांत १८ महिन्यांतील मृत्यूचा धोका जवळपास तिप्पट आढळला. म्हणजे रुग्णाचे जगणे कसे चालले आहे, हा प्रश्न जखम बरी झाल्यावर विचारायचा नसून पहिल्याच भेटीत विचारायचा आहे.

बधिर पाय सांभाळण्याचा अनुभव भारताला नवा नाही. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की वेदना कळत नसल्याने पायाला वारंवार इजा होते आणि पाय त्यामुळे झिजतो. कुष्ठरोग्यांसाठी वापरात आलेल्या मऊ रबरी तळाच्या चपलेचे तत्त्व मधुमेहींनाही लागू पडते.

हातखंब्यात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि रत्नागिरीत जिल्हा रुग्णालयासोबत आता वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तिशीपुढच्यांची साखर तपासण्याची सरकारी मोहीमही आहे. साखर तपासताना रुग्णाला चप्पल काढायला लावून तळवे पाहणे आणि नायलॉनच्या तंतूने संवेदना तपासणे, याला काही मिनिटे लागतात. सरकारी विमा योजनांचा भर रुग्णालयात दाखल होऊन होणाऱ्या उपचारांवर आहे. पाय वाचवणारी चप्पल आणि बुडालेली मजुरी यांचाही हिशेब धोरणात आला, तर पुढची शस्त्रक्रिया आणि तिचा खर्च अनेकदा टळेल.

घरच्यांनीही काही पथ्ये पाळावीत. रोज रात्री तळवे आणि बेचके पाहावेत, स्वतःला दिसत नसतील तर आरसा घ्यावा. पाय धुऊन कोरडे करावेत. कुरूप ब्लेडने कापू नये, पाय शेकू नयेत, अंगणातही अनवाणी फिरू नये. जखम दिसली, तर दुखत नाही म्हणून थांबू नये. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. न दुखणारी जखमच इथे अधिक धोक्याची असते.