सत्र संपते, नोंद उरते

वाराणसीत बनारस हिंदू विद्यापीठाच्या विस्तीर्ण आवारात वैद्यकविज्ञान संस्था आणि आयआयटी एकमेकींच्या शेजारी नांदतात. १९१६ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात १९१९ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण दिले जाते. त्याच परंपरेतील संस्थेला २०१२ मध्ये आयआयटीचा दर्जा मिळाला. पूर्वांचल आणि पश्चिम बिहारमधून येणाऱ्या रुग्णांचा आधार असलेले सर सुंदरलाल रुग्णालय याच आवारात आहे. २०१९ मध्ये टाटा स्मारक केंद्राच्या महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्राचेही येथे उद्घाटन झाले. अभियंता, वैद्य आणि रुग्ण चालत जाता येईल इतक्या अंतरावर असणे ही आरोग्य-माहितीशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी मोठी संधी आहे. मात्र तिचे चीज व्हायचे असेल, तर विद्यार्थी-प्रकल्पाचे मोजमाप बदलावे लागेल.

आरोग्य-माहितीशास्त्र म्हणजे केवळ रुग्णालयातील संगणक नव्हे. रुग्णाविषयीची माहिती कोणी, कोणत्या शब्दांत, कोणत्या क्षणी नोंदवायची. ती पुढच्या डॉक्टरपर्यंत अर्थ न बदलता कशी पोहोचवायची. आणि ती पाहण्याचा अधिकार कोणाला द्यायचा, या प्रश्नांचे हे शास्त्र आहे. यासाठी देशात चौकट उभी राहिली आहे. इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची राष्ट्रीय मानके २०१३ मध्ये आली आणि २०१६ मध्ये सुधारली गेली. त्यांच्या प्रसाराचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू झाले आणि नागरिकाला १४ अंकी आरोग्य क्रमांक मिळू लागला.

चौकट आहे, पण ती भरणारे हात दुर्लक्षित आहेत. विद्यार्थ्यांचे प्रकल्प बहुधा एका सत्राचे असतात. विषय निवडला जातो, ॲप तयार होते, सादरीकरण होते, गुण मिळतात. पुढच्या वर्षी विद्यार्थी नोकरीला लागतो आणि ॲपचा सांगाती कोणी उरत नाही. ज्या आशा सेविकेने हौसेने त्यात चार महिने माहिती भरली, ती पुन्हा आपल्या वहीकडे वळते. तिच्या दृष्टीने हे दुप्पट काम होते, आणि त्यातले निम्मे वाया गेले. पुढच्या तुकडीचे विद्यार्थी नवे ॲप घेऊन तिच्या दारी जातात, तेव्हा तिचा उत्साह आटलेला असेल तर दोष तिचा नाही.

ही हानी केवळ श्रमाची नाही. गंगाकाठच्या खेड्यातून आलेल्या वृद्धेचे वय कागदावर अंदाजाने लिहिलेले असते. तिच्या नावाचे स्पेलिंग दर खेपेला बदलते. दुखणे ती भोजपुरीत सांगते आणि ते आधी हिंदीत, मग इंग्रजी रकान्यात उतरते. मोबाइल बहुधा मुलाचा असतो. तपासणीचा निकाल त्यावर गेला, तर तो तिच्या आधी घरातल्या साऱ्यांना कळतो. अशा ठिकाणी सदोष नोंद म्हणजे चुकलेला उपचार किंवा उघडे पडलेले गुपित. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमतीला महत्त्व दिले आहे; परंतु तिला कळेल अशा भाषेत विचारल्याशिवाय घेतलेली संमती निव्वळ अंगठा ठरते.

यंत्राआधी माणसापर्यंत पोहोचावे लागते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातला रुग्ण आपणहून रुग्णालयात येईल आणि मग त्याची नोंद होईल, ही अपेक्षा तिथे फोल ठरली असती. म्हणून कार्यकर्ते ठराविक काळाने गावोगाव गेले, लोकांशी बोलले, लक्षणे समजावून सांगितली आणि संशयितांना तपासणीसाठी पाठवले. या संपर्कामुळे आकडे तर मिळालेच, शिवाय गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण आधीच्या तुलनेत लवकरच्या टप्प्यात येऊ लागले. ती नोंदणी टिकली, कारण तिच्यामागे कायमची संस्था उभी होती. आज वाराणसी जिल्ह्यातही टाटा स्मारक केंद्राकडून लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी चालते. विद्यार्थ्यांनी जोडून घ्यावे ते अशा दीर्घकालीन कामाशी.

विद्यार्थ्यांचे प्रकल्प शिकण्यासाठी असतात, त्यांच्याकडून सेवेची अपेक्षा का करावी, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच गैर नाही. त्याचे उत्तरही काशीच्याच परंपरेत सापडते. काशिराज दिवोदास धन्वंतरींचा शिष्य मानल्या गेलेल्या सुश्रुताच्या संहितेत 'योग्यासूत्रीय' हा अध्याय आहे. शिष्याने रुग्णावर शस्त्र चालवण्याआधी कोहळा, भोपळा, कलिंगड यांवर छेदनाचा सराव करावा, असे तो सांगतो. शास्त्रे कितीही शिकला तरी सरावाविना शिष्य कर्मास अपात्र, ही त्यामागची दृष्टी. डिजिटल मिशनने नव्या प्रणालींच्या चाचणीसाठी उपलब्ध केलेले 'सँडबॉक्स' हा आजचा भोपळाच होय. शिकायचे ते तिथे, कल्पित नोंदींवर. खऱ्या रुग्णाच्या माहितीला हात लावायचा, तर तो नीतिसमितीच्या संमतीने आणि जबाबदारी पत्करूनच.

म्हणून विद्यापीठांनी तीन गोष्टी कराव्यात. प्रकल्प वैद्यक आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एकत्रच द्यावा, आणि त्यातील पहिले काही आठवडे केसपेपर काढणाऱ्या खिडकीपाशी, परिचारिकेसोबत किंवा आशा सेविकेच्या फेरीत घालवणे सक्तीचे असावे. दुसरे, रुग्णालयातील एखादा विभाग पालकत्व घेणार नसेल, तर प्रकल्प प्रत्यक्ष वापरात आणू नये. तिसरे, जुन्या तुकडीचे काम निर्दोष करून पुढे नेणाऱ्या विद्यार्थ्याला नवे ॲप करणाऱ्याइतकेच गुण मिळावेत. दुरुस्ती हे दुय्यम काम आहे, ही समजूत आपल्या शिक्षणात फार खोल रुजली आहे.

तंत्रज्ञानाच्या स्पर्धेत पारितोषिक मिळवणाऱ्या प्रकल्पांचे कौतुक होतच राहील, व्हावेही. परंतु दोन वर्षांनी तीच वृद्धा पुन्हा रुग्णालयात आली, तेव्हा समोरच्या नव्या डॉक्टरला तिची जुनी नोंद अचूक मिळाली का, हीच त्या प्रकल्पाची खरी परीक्षा. तिचा निकाल लागेपर्यंत विद्यार्थी दूर गेलेला असेल. संस्था मात्र तिथेच असेल, आणि उत्तर तिलाच द्यावे लागेल.